चौमासा बसायच्या आत

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसला की मुनिमहाराज एका गावी थांबतात. जमीन भिजलेली असते, पावलापावलाला जीव असतो, म्हणून विहार बंद. आणि नेमक्या याच दिवसांत परड्यातली लहान झाडं एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची असतात, कारण कोरड्या दिवसांत काढलेलं झाड सहसा जगत नाही. एकाला थांबवणारा पाऊस दुसऱ्याला हलवतो. १९८५ साली लग्न होऊन मी कलघटगीला आले तेव्हा हे कोडं माझ्या ध्यानातही नव्हतं. आमच्या आत्तींनी मात्र ते आपल्यापुरतं सोडवून ठेवलं होतं. त्यांचा नियम एका ओळीचा होता. कुदळ लावायची ती चौमासा बसायच्या आत.

आम्ही सासूला आत्ती म्हणतो. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, काळ्या मातीचं, उसाचं. तिथं परड्यात शेवगा, कडीपत्ता आणि म्हशीचा गोठा, एवढीच बाग. कलघटगीचं तसं नाही. हुबळीहून यल्लापूर-कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव धड मलनाडात नाही आणि धड मैदानातही नाही. हुबळीपेक्षा इथं पाऊस जास्त, यल्लापूरपेक्षा पुष्कळ कमी. एका बाजूला कापूस-ज्वारीचा मुलूख संपतो आणि दुसऱ्या बाजूला सागवानाचं रान सुरू होतं. रंगीत लाकडी पाळण्यांसाठी कलघटगीचं नाव लांबवर माहीत आहे. आमच्या घरातही एक पाळणा माळ्यावर आहे. आमच्या मुलांबरोबरच धाकट्या दिरांची मुलंही त्यातच झोपली. पण मी सांगणार आहे ती गोष्ट पाळण्याची नाही, घरामागच्या परड्याची आहे. त्याला इथं हित्तलु म्हणतात. कानडीत एक म्हण आहे, हित्तल गिड मद्दल्ल. परसातलं झाड औषध ठरत नाही, म्हणजे जवळच्या गोष्टीची किंमत कळत नाही. परड्याच्या इतिहासाचंही तसंच झालंय. राजांच्या बागांबद्दल पुस्तकं आहेत. परड्यात कुणी काय लावलं, कुठून आणलं, ते कुणी लिहून ठेवत नाही.

२०१९ साली आमच्या घरात वाटणी झाली. दोन भाऊ, एक घर, मागं एक परडं. मोजणी होऊन परड्याच्या मधोमध दोरी पडली आणि दोरीच्या बरोबर खाली आत्तींची दोन लहान झाडं आली. एक सोनचाफा, एक लिंबू. दोन्ही त्यांनी २०१६ च्या पावसात लावली होती आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गेल्या. लिंबू कमरेएवढं झालं होतं, चाफा माझ्या खांद्याला लागत होता. भिंतीचा पाया खणायला गवंडी दिवाळीनंतर येणार होते. कुणीतरी सहज म्हणालं, "काढून टाका की, दोन तर रोपं आहेत." दोन्ही घरांतून त्यावर कुणी काही बोललं नाही. खरं तर त्या दिवसांत दोन्ही घरं एकमेकांशी कशावरच बोलत नव्हती.

रात्री मला झोप लागेना. झाड तोडायचं नाही हे ठरलेलंच होतं. पण हलवायचं म्हणजे ओल्या मातीत खणायचं, आणि खणताना गांडुळं, मुंग्यांची घरं, कितीतरी जीव कुदळीखाली येणार. न हलवावं तर पायात झाड मरणार. तुमच्यापैकी कितीजणींनी असल्या वेळी हातातलं खुरपं खाली ठेवून विचार केला असेल, मला माहीत आहे. आपल्या घरांतून हा प्रश्न पोरीबाळींनाही पडतो.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. निष्कारण जमीन खणणं, निष्कारण पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडपाला तोडणं हे सगळं त्यात येतं. पाठशाळेत आम्ही हे पाठ केलं होतं, पण माझं लक्ष नेहमी खणण्यावर जायचं. "निष्कारण" या शब्दावर नीट लक्ष गेलं ते त्या रात्री. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, हे आचार्यांना ठाऊक होतं. चूल पेटते, शेत नांगरलं जातं. आपल्या दक्षिणेतले बहुतेक जैन शेतकरीच, आणि आदिनाथ भगवंतांनी लोकांना शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहेच. म्हणून गृहस्थानं कुदळ उचलण्याआधी विचारायचं की हे कशासाठी आणि कुणासाठी. आणि कारण खरं असलं तरी हात सांभाळून चालवायचा.

झाड हलवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फांद्या न फुटलेली रोपं शिशिरात हलवावीत, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगल्या बुंध्याची झाडं पाऊस सुरू होताना, असं तो सांगतो. दोन झाडांत अंतर वीस हात असेल तर उत्तम, सोळा हात मध्यम, बारा हात कनिष्ठ. हलवण्याआधी झाडाला मुळापासून बुंध्यापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यायला तो सांगतो. आपल्या घरात मध चालत नाही, त्यामुळे तो लेप आपल्याला पुरा करता येणार नाही, हे वाचताना मला हसू आलं.

आमच्या मुलखात याच विद्येवर कानडीतही लिहिलं गेलं. चालुक्य राजा जयसिंहाच्या काळात, सुमारे १०२५ मध्ये, चावुंडरायाने लोकोपकार नावाचा ग्रंथ रचला. लोकांच्या रोजच्या उपयोगाची माहिती पद्यात सांगणारा हा ग्रंथ, आणि त्यातही वृक्षायुर्वेदाचा भाग आहे. नाव ऐकून श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय आपल्याला आठवतो, पण तो आधीचा, दहाव्या शतकातला. हा दुसरा.

त्याच काळातले दानलेख पाहा. १००७ साली लक्कुंडीला ब्रह्मजिनालय उभारणाऱ्या दानचिंतामणी अत्तिमब्बेचं नाव आपल्या प्रत्येक महिला मंडळात घेतलं जातं. त्या शतकांत या भागात बसद्यांना आणि देवळांना जी दानं दिली गेली, त्यांत शेतजमीन असे, तेलाचा घाणा असे, आणि पुष्कळदा एक पूदोंट असे. पूदोंट म्हणजे फुलांची बाग. देवाला रोज ताजं फूल मिळावं म्हणून. दान देणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं जाई, बागेची हद्दही कोरली जाई. पण बाग काही हद्द कोरून उगवत नाही. कुणीतरी पावसात रोपं काढली असणार, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली असणार, दुसरीकडे लावून पहिला उन्हाळा पाणी घातलं असणार. त्यांचं नाव मी वाचलेल्या कुठल्याच दानलेखात नाही. माझ्या मनात मात्र तिथं आत्तींसारखी एखादी बाई उभी राहते, कमरेला पदर खोचलेली.

आत्ती चौथीपर्यंत कानडी शिकलेल्या. वराहमिहिर त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि लहान रोप शिशिरात हलवा असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही नसतं. "थंडीत इथं वारा कोरडा सुटतोय, पोरी. पान वाळतंय," असं त्या म्हणाल्या असत्या. त्यांचं म्हणणं आमच्या गावापुरतं बरोबरच होतं. झाड काढताना मुळांचे बारीक तंतू तुटतात. पाणी ओढतात ते तेच. मोठी मुळं नुसती धरून ठेवायचं काम करतात. तंतू तुटले की पाणी येणं कमी होतं, पण पानांतून पाणी उडून जायचं थांबत नाही. पावसाळी ढगाळ हवेत ते उडणं कमी होतं, माती ऊबदार आणि ओली असते, आणि तेवढ्या सवडीत झाड नवे तंतू धरतं. मृगाची एक सर पडून भागत नाही, जमीन खोल भिजावी लागते. म्हणून त्या आर्द्रा लागण्याची वाट बघायच्या. पुनर्वसूचा तरणा पाऊस चालायचा, पुष्याचा म्हातारा पाऊस मात्र बहुधा चौमासा बसल्यावरच पडायचा. चतुर्दशी कधी जुलैच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीस. ज्या वर्षी लवकर येईल त्या वर्षी झाडांचे दिवस कमी. तेवढ्यात होईल तेवढं करायचं, राहिलं तर पुढच्या वर्षी.

त्यांची रीत मी पंचवीस-तीस वर्षं बघितली होती. हलवायच्या आधी पंधरा दिवस झाडाभोवती वीतभर अंतरावर अर्धं वर्तुळ खणायचं, म्हणजे एका बाजूची मुळं कापली जातात आणि आत नवे तंतू फुटतात. आठ दिवसांनी दुसरं अर्धं. नवीन खड्डा आधीच काढून ठेवायचा. खणताना मातीत जे काही हलताना दिसेल ते सुपलीत घेऊन कुंपणाच्या कडेला सोडायचं. याला वेळ लागायचा आणि आम्ही सुना मनातून वैतागायचो. उगवतीकडच्या फांदीला दोरा बांधायचा, म्हणजे नव्या जागीही तीच बाजू उगवतीला येते. संध्याकाळी, आभाळ भरलेलं असताना, मातीची हुंडी फुटू न देता झाड उचलायचं, बुंध्याला धरून नाही, खाली गोणपाट सरकवून. तिसरा हिस्सा पानं काढून टाकायची. आणि पूर्वी माती जिथपर्यंत होती, नव्या जागीही तिथपर्यंतच. एक बोटभरही जास्त नको.

२०१९ ला पाऊस उशिरा आला. मृग कोरडाच गेला. आर्द्रात जमीन भिजायला लागली तेव्हा मी एकटीनंच झाडांभोवती पहिलं अर्धं वर्तुळ खणलं. आठ दिवसांनी दुसरं अर्धं खणायला गेले तर ते आधीच खणलेलं होतं. खणलेल्या कडेला सुपली पालथी पडली होती. धाकट्या जाऊबाईंचं काम. त्यांचं माहेर हुबळीचं, माझ्याशी त्या मराठीत बोलतात आणि रागावल्या की कानडीत. त्या दिवसांत कुठल्याच भाषेत बोलणं नव्हतं. पण आत्तींची रीत दोघींनी सारखीच शिकली होती.

चतुर्दशी जुलैच्या मध्यावर होती. त्याच्या चार दिवस आधी, भुरभुर पाऊस चालू असताना, त्या मागच्या दारातून आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, आज नाही तर मग नाहीच." दोघी मिळून आम्ही चाफा उचलला. गोणपाटाची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. हुंडी जड होती, पाय घसरत होते, बोलायला दम नव्हता. चाफा त्यांच्या वाट्याच्या बाजूला लावला, लिंबू माझ्या. असं का, ते दोघींनीही विचारलं नाही. त्यांना रोज बसदीत फूल न्यायचं असतं आणि माझ्याकडे लोणच्याचा व्याप असतो.

आता थोडं परड्याबाहेर बघते, कारण पावसात झाड लावण्याचा सरकारी इतिहासही आमच्याच जिल्ह्यातून गेला आहे. १९५० च्या जुलैमध्ये त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हा कलघटगी मुंबई राज्यात होती, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेली. राज्य बदललं तरी जुलैमधला कार्यक्रम तोच राहिला. शाळेच्या आवारात रोप, पाहुणे, फोटो. हेतू चांगलाच होता. पण रोप लावणारे हात आणि एप्रिलमध्ये घागर आणणारे हात निराळे असले की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप.

मुंडगोडच्या पलीकडे शिरसी तालुक्यात, सळकणी गावच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जंगलतोड थांबवायला झाडांना मिठ्या मारल्या. तेच अप्पिको आंदोलन. अप्पिको म्हणजे कवटाळणं. ते आपल्याला वर्तमानपत्रांतून माहीत आहे. त्यानंतरचं जे घडलं ते कमी बोललं जातं. १९८४ साली कर्नाटक सरकार आणि हरिहरचा धागा-कारखाना यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड नावाची कंपनी काढली. कारखान्याला लगदा मिळावा म्हणून गावोगावच्या सामायिक जमिनीवर निलगिरी लावायची, असा तो बेत होता. तीस हजार हेक्टर जमीन, चाळीस वर्षांसाठी, आणि त्यात आमचा धारवाड जिल्हा होता. ही जमीन कागदावर पडीक, पण गावाची गुरं तिथं चरायची, बाया तिथून सरपण आणायच्या. निलगिरीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायानं एस. आर. हिरेमठ यांच्या पुढाकारानं हा प्रश्न हातात घेतला. कानडीतले थोर लेखक शिवराम कारंत त्यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मार्च १९८७ मध्ये कंपनीला आणखी जमीन देण्यावर स्थगिती मिळाली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, तेव्हाच्या धारवाड आणि आताच्या हावेरी जिल्ह्यातल्या कुसनूरला, लोक जमले आणि त्यांनी सत्याग्रह केला. नाव होतं कित्तिको-हच्चिको. उपट आणि लाव. निलगिरीची काही रोपं त्यांनी उपटली आणि त्या जागी गावाच्या उपयोगाची रोपं लावली. १९९१ मध्ये कंपनी बंद झाली.

मला तेव्हा घरात येऊन दोन वर्षं झाली होती. बातमी मी आत्तींना वाचून दाखवली. उपटण्याचं ऐकून मी थोडी बिचकलेच होते. निलगिरी झाली तरी जीवच. आत्ती तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "उपटलं ते उपटलं. लावलं काय, ते वाच आधी." मग म्हणाल्या, "नोव्हेंबरात लावलंय. पाणी घालायला माणसं पाहिजेत." कुसनूरच्या सत्याग्रहाला आमच्या घरातून मिळालेली दाद ती एवढीच. पण आज मला वाटतं, कुसनूरचे लोक आणि समंतभद्राचार्य एकच प्रश्न विचारत होते. हे खणणं कुणासाठी? कारखान्यासाठी गावाचं कुरण उकरलं तर गावाच्या दृष्टीनं ते निष्कारण. आत्तींनी त्यात आपला प्रश्न घातला, की पुढं पाणी कोण घालणार. झाड हलवण्याचं पाप कमी होत असेल तर ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानं होतं, लावण्यानं नाही.

आणि त्याच प्रश्नावर मी कमी पडले, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. लिंबू लावल्यावर मला ते डुगडुगल्यासारखं वाटलं. मी बुंध्याभोवती आणखी दोन घमेली माती ओढली आणि छान मोठं आळं केलं, उन्हाळ्यात करतो तसं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस कोसळला. २०१९ चा तो पाऊस धारवाड-बेळगाव भागातलं कुणी विसरणार नाही. माहेरी शिरोळकडे तर पुरानं गावंच्या गावं वेढली होती. फोन लागत नव्हते, माझा जीव तिकडं होता. चार-पाच दिवस मी परड्यात पाऊलही टाकलं नाही. गेले तेव्हा आळ्यात पाणी तुंबलं होतं. पावसाळ्यात झाडाला आळं करायचं नसतं, बुंध्याला उतार द्यायचा असतो आणि पाण्याला वाट काढून द्यायची असते, हे मला माहीत होतं. लिंबाचा बुंधा मातीत गाडला गेला की साल कुजते, हेही माहीत होतं. श्रावण सरता सरता पानं पिवळी पडली, भाद्रपदात झाड वाळलं. माती बाजूला करून बघितलं तर साल बोटाला लागून सुटली.

जाऊबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. भिंत तेव्हा अजून दोरीएवढीच होती. मला वाटलं, आता म्हणतील की आत्तींचं झाड मारलं. त्या म्हणाल्या, "चाफ्याची पण पानं सगळी गळलीयत अक्का. नखानं खरवडून बघितलं, आत हिरवं आहे." त्या वर्षी पर्युषणानंतर क्षमावणीला आम्ही एकमेकींना क्षमा मागितली, तेव्हा पहिल्यांदा ती नुसती रीत नव्हती. माझ्या मनात लिंबाचं झाड होतं. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर गवंडी आले, भिंत झाली. चाफ्यानं त्या सालात दोन कोंब तेवढे काढले. तिसऱ्या वर्षी फूल आलं. भिंत पुरुषभर उंच आहे आणि चाफा तिच्यापेक्षा उंच झालाय, त्यामुळे एक फांदी माझ्या बाजूला वाकली आहे. बसदीसाठी फुलं त्या त्यांच्या बाजूनं काढतात, माझ्या बाजूची फुलं मी काढून भिंतीवर ठेवते.

लिंबाची जागा मी दोन वर्षं रिकामी ठेवली. मग शेजारणीच्या परड्यात आपोआप उगवलेलं एक लिंबाचं रोप मागून आणलं. चतुर्दशीला सहा दिवस होते. माती मोजूनमापून, पूर्वी होती तेवढीच ठेवली आणि पाण्याला उताराच्या बाजूनं वाट काढून दिली. उगवतीच्या फांदीला बांधलेला दोरा अजून तसाच आहे.